घोडा फिरवतात तसं

शेवटची फेरी संपली की वाटतं, इथेच आडवं व्हावं,
शाळेमागच्या मैदानात, थंडीनं कडक झालेल्या मातीवर,
गोलपोस्टच्या सावलीत,
ज्याला जाळं कधी नव्हतंच.

पण न्ताते मोखेथी बसू देत नाहीत.
"लिकेलेली, चाल," एवढंच म्हणतात
आणि माझ्या आधी स्वतःच निघतात,
एक गुडघा जरा बाहेर टाकत,
अंगावरच्या ब्लँकेटला मोठी पिन, तिच्यावर ऊन.

माझ्या छातीचा भाता झालेला,
कानात कुणी पत्रा बडवतंय,
आणि हा माणूस चालतोय मिठाला निघाल्यासारखा.

"पाय म्हणजे हापसे," ते मागे न बघता सांगतात.
"थांबलीस की हापसणं थांबतं.
रक्त खाली साचतं, डोकं कोरडं पडतं.
गेल्या जुलैत झालं ना?"

झालं होतं.
रेघ ओलांडली आणि मी खांबासारखी उभी राहिले
टाळ्या घ्यायला.
टाळ्या लांब लांब गेल्या, डोंगरापलीकडे.
दात ओठात रुतला, वण अजून आहे.
बक्षिसाचं पिठाचं पोतं
माझ्या वतीनं तिसरी आलेली मुलगी घेऊन आली.

न्ताते तरुणपणी सेमोंकोंगच्या शर्यतीत घोडे पळवायचे.
सांगतात: घोडा जिंकला की लोक गळ्यात पडतात,
नाचतात, पैसे मोजतात.
खरा घोडेवाला त्या गर्दीत नसतो.
तो लगाम धरून ओढ्याकाठी हळूहळू फिरत असतो,
घोड्याच्या नाकपुड्या लहान होईपर्यंत,
मानेवरचा फेस सुकेपर्यंत.
पाणी लगेच नाही. खुंटा तर नाहीच.
तापलेला घोडा बांधला
तर सकाळी त्याचे पाय लाकूड झालेले असतात.

आम्ही गिरणीपर्यंत आलो होतो.
लोकरीच्या शेडपाशी कुत्रं उठलं, ओळखलं, परत बसलं.
घाम गार व्हायला लागला
तसं त्यांनी ब्लँकेट काढून माझ्यावर टाकलं.
त्याला शेणीच्या धुराचा वास.

मग, काही विचारलं नसताना:
"माझा भाऊ त्सेलिसो. सत्तावीस वर्षं खाणीत.
सीमेपलीकडे, जमिनीच्या पोटात.
शुक्रवारी हातात कागद दिला.
सोमवारी तो घरी.

दारात खुर्ची टाकून बसला.
खुर्ची त्याच्याच पगारातली.
पहाटे तीनला उठायचा, बूट चढवायचा,
नाड्या घट्ट बांधायचा
आणि बसायचा.
पीच फुलायच्या आधी गेला.
डॉक्टर म्हणाले, फुप्फुस. असेलही."

चार पावलं गेली. पाच.

"घोडा असता तर मी फिरवला असता."

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी मनगटावर बोट ठेवलं, त्यांनीच शिकवलं तसं,
आणि ठोके मोजले.
ते उतरत होते, पायरी पायरीनं,
म्हातारं माणूस अंधारात उतरावं तसे,
पायानं पुढची पायरी चाचपत.

गिरणीला वळसा घालून पुन्हा मैदानाशी आलो.
श्वास बसला होता. पोटऱ्या सैल झाल्या होत्या.
नियमानं माझं काम संपलं होतं,
घरी पापा शिजत असणार,
आणि बहीण माझ्या वाटचं वाढून घ्यायला टपलेली.

न्ताते थांबले नव्हते.
गोलपोस्ट मागे पडला, तरी चालतच होते,
हात किंचित पुढे,
मुठीत काहीतरी धरल्यासारखे.

मी दोन पावलं पळून त्यांना गाठलं,
आणि पुन्हा हळू झाले.